शुश्रूषेतील तारतम्य

जठरातून किंवा अन्ननलिकेतून रक्त वाहू लागले म्हणजे ते कधी लालभडक उलटी होऊन तोंडावाटे पडते, कधी जठरातील आम्लाशी मिसळून कॉफीच्या चोथ्यासारखे तपकिरी-काळे होऊन पडते, आणि कधी उलटीचा मार्ग न धरता आतड्यांतून खाली उतरत डांबरासारख्या काळ्या, चिकट व उग्र दर्पाच्या शौचाच्या रूपाने बाहेर येते. या तिसऱ्या प्रकारात रोग्याला वेदना फारशी नसल्यामुळे, आणि घरातील माणसे शौचाच्या रंगाविषयी बोलण्यास संकोचत असल्यामुळे, दोनदोन दिवस उलटून जातात तरी कोणाला पत्ता लागत नाही. वास्तविक केवळ ५० ते १०० मिलिलिटर रक्त जठरात उतरले तरी शौच काळे होऊ शकते. अशा रक्तस्रावाचे उगमस्थान अन्ननलिकेपासून लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या अखेरीपर्यंत कोठेही असू शकते. त्या अखेरीस आतड्याला धरून ठेवणारा जो बंध आहे त्याचे वर्णन व्हेंझेल ट्राइट्झ या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये केले, आणि त्या बंधाच्या वर जे वाहते ते वरच्या अन्नमार्गातील, खाली वाहते ते खालच्या, अशी सीमा वैद्यकाने आखून घेतली.

कारणे अनेक आहेत. पण आपल्याकडील रुग्णालयांत दोन ठळकपणे दिसतात. पहिले म्हणजे जठरातील वा आद्यांत्रातील व्रण, ज्याला सर्वजण अल्सर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा आणि या व्रणाचा संबंध दाखवून दिला व त्याबद्दल २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी द्रव्येच शरीरात कमी करतात आणि महिनोन्महिने घेतल्यास तोच व्रण निर्माण करतात, याची जाणीव फार थोड्यांना असते. दुसरे कारण यकृताच्या सिरोसिसचे : यकृतातून रक्त सुरळीत जाईनासे झाले की ते आडमार्गाने हृदयाकडे परतू पाहते, त्या ताणाने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नीला फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. यकृत निकोप असलेल्या लहान मुलांतही यकृताकडे जाणारी मुख्य नीला बुजल्यामुळे हाच प्रसंग ओढवतो, आणि भारतातील बालरोगतज्ज्ञांना तो चांगल्या परिचयाचा आहे. खेळते-बागडते मूल एकाएकी रक्ताची उलटी करते आणि आईबाप हवालदिल होऊन धावत येतात.

परंतु या लेखाचा विषय रोगाची चिकित्सा हा नसून शुश्रूषा हा आहे, आणि शुश्रूषेतही एक विशिष्ट प्रश्न : एकाच निदानाचे अनेक रोगी एका वेळी एका परिचारिकेच्या हवाली असताना तिने आपले लक्ष कोणत्या प्रमाणात वाटावे? जुनी रीत समभागाची होती. दर चार तासांनी वॉर्डातील प्रत्येकाची नाडी, रक्तदाब आणि ताप पाहायचा, तक्त्यात नोंद करायची आणि पुढील खाटेकडे वळायचे. या रीतीत दिसायला न्याय आहे. पण ज्याचे रक्त थांबले आहे आणि ज्याचे अद्याप वाहत आहे, त्या दोघांना सारखाच वेळ देणे म्हणजे एकाची झोपमोड करणे आणि दुसऱ्याला त्याच्या सर्वांत कठीण घटकेत एकटे सोडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून प्रथम धोका मापावा, मग पहारा नेमावा, आणि धोका बदलला की पहाराही बदलावा, हे तत्त्व गेल्या काही दशकांत मान्य होत आले आहे.

धोका मापण्याची जी कोष्टके आज प्रचारात आहेत त्यांपैकी रोगी दारात येताच वापरता येण्याजोगे कोष्टक स्कॉटलंडमधून आले. ऑलिव्हर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम स्कॉटलंडमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांच्या नोंदी तपासून २००० मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि ग्लासगो-ब्लॅचफर्ड गुणांक या नावाने ते ओळखले जाते. त्यापूर्वी, १९९६ मध्ये, टिम रॉकॉल यांचे कोष्टक आले होते, पण त्याचा पूर्ण गुणांक काढण्यास एंडोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीची, वाट पाहावी लागते. ब्लॅचफर्ड यांच्या कोष्टकास दुर्बीण लागत नाही. रक्तातील युरिया, हिमोग्लोबिन, वरचा रक्तदाब, नाडी, काळे शौच, मूर्च्छा, यकृताचा विकार आणि हृदयाची दुर्बलता एवढ्या आठ गोष्टी पाहून ० ते २३ या दरम्यान आकडा काढायचा. युरियाला येथे स्थान का, असे कोणी विचारील. जठरात सांडलेले रक्त हे प्रथिनच असल्याने ते पचते, त्याचे रूपांतर यकृतात युरियात होते आणि रक्तातील त्याचे प्रमाण चढते, हे त्याचे कारण. गुणांक ० किंवा १ असलेल्या रोग्याला दाखल न करता घरी पाठवून बाह्यरुग्ण विभागात पुढील तपासणी करण्यास हरकत नाही, असे आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते.

आता तीन रोगी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. पहिला २८ वर्षांचा तरुण : रात्रभर उलट्या होऊन शेवटच्या उलटीत रक्ताच्या रेषा दिसल्या, नाडी ८४, रक्तदाब १२०, हिमोग्लोबिन १४, युरिया नेहमीएवढा. जोराच्या उलट्यांनी अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्याशी अस्तराला चीर पडते, तो हा प्रकार असावा; गुणांक ०. दुसरे ६६ वर्षांचे शेतकरी : गुडघेदुखीसाठी वर्षभर गोळ्या, दोन दिवस काळे शौच, आज सकाळी गोठ्यात घेरी येऊन पडले, नाडी ९२, रक्तदाब ११८, हिमोग्लोबिन ९.४, युरिया ७० मिलिग्रॅम. हिमोग्लोबिनचे ६, युरियाचे ४, मूर्च्छेचे २ आणि काळ्या शौचाचा १ मिळून गुणांक १३. तिसरा ४५ वर्षांचा, सिरोसिस झालेला : तासाभरापूर्वी ताज्या रक्ताच्या दोन मोठ्या उलट्या, नाडी १२४, रक्तदाब ८६, हिमोग्लोबिन १०.८, युरिया ५१. रक्तदाबाचे ३, हिमोग्लोबिनचे ३, युरियाचे ३, यकृताचे २ आणि नाडीचा १ मिळून १२.

आकड्यांच्या क्रमाने पाहिले तर शेतकरी अधिक धोक्यात आहेत. पण ज्या परिचारिकेने वॉर्डात चार वर्षे काढली आहेत ती क्षणाचाही विलंब न लावता तिसऱ्याच्या खाटेकडे धावेल, आणि तिचे धावणे शास्त्रशुद्धच आहे. नुकतेच वाहून गेलेले रक्त हे उरलेल्या रक्ताएवढेच दाट असते. ऊतींतील पाणी रक्तवाहिन्यांत ओढले जाऊन रक्त पातळ व्हायला आणि हिमोग्लोबिनचा आकडा खरी हानी दाखवायला कित्येक तास, कधी दोनतीन दिवसही लागतात. युरिया चढायलाही वेळ हवा. म्हणजे जो सावकाश दोन दिवस वाहत आला त्याचे गुण भरलेले असतात, आणि ज्याची नीला आत्ता फुटली त्याचे गुण अद्याप भरायचे असतात. हा कोष्टकाचा दोष म्हणता येत नाही. कोणाला पुढे उपचाराची गरज लागेल हे सांगण्यासाठी ते रचले गेले, पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हे सांगण्यासाठी रचले गेले नाही. त्या दहा मिनिटांसाठी अधिक साधे माप आहे : नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाच्या आकड्याने भागणे. अल्गोवर आणि बुरी यांनी १९६७ मध्ये सुचवलेला हा शॉक-निर्देशांक १च्या वर गेला की संकट दाराशी आले असे समजावे. तिसऱ्या रोग्याचा तो १.४च्या वर आहे, शेतकऱ्यांचा ०.८च्या आत.

आणि तरीही त्या शेतकऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट केसपेपर उलटून पाहिल्याखेरीज कळणार नाही : ते रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल घेतात. या वर्गातील औषधे हृदयाच्या गतीला लगाम घालतात, त्यामुळे रक्त वाहत असतानाही नाडी चढत नाही आणि ९२ हा दिलासा देणारा आकडा तक्त्यावर उमटतो. त्यांच्याच बाबतीत ११८ हा रक्तदाबही, एरवी १५० असणाऱ्या माणसाचा असेल तर, उतरलेलाच म्हटला पाहिजे. म्हणून आकडा लिहिताना तो कोणाचा आहे याचा विचार करणे हे परिचारिकेच्या कर्तव्याचे मर्म आहे.

रक्तदाबावर विसंबून राहण्यातील धोका सर्वांनीच समजून घेण्याजोगा आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील १५ टक्क्यांपर्यंत गेले तरी शरीर काही दाखवीत नाही. १५ ते ३० टक्के गेले की नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब टिकून राहतो. ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दीड लिटर रक्त नाहीसे झाल्यावर, तो कोसळतो. ज्याने रक्तदाब पडेपर्यंत वाट पाहिली त्याने फार मोठी दिरंगाई केली. त्याआधी जे इशारे मिळतात ते यंत्राच्या पडद्यावर उमटण्यापूर्वी माणसात दिसतात : रोगी अस्वस्थ होतो, पांघरूण फेकतो, कपाळावर थंड घाम येतो, “सिस्टर, जरा पाणी द्या हो, घसा सुकलाय,” असे पुनःपुन्हा म्हणतो, उठून बसण्याचा हट्ट धरतो. या बेचैनीला नातेवाईक भीती समजतात आणि कित्येकदा झोपेच्या इंजेक्शनाची मागणी करतात. ती मागणी मान्य करण्याऐवजी त्या क्षणी नाडीवर बोट ठेवणे आणि डॉक्टरांना बोलावणे हेच योग्य.

तिसऱ्या रोग्याजवळ त्या घटकेस काय चालते? त्याला डाव्या कुशीवर वळवून डोके किंचित खाली ठेवतात, कारण गुंगीत असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत रक्त उतरले तर तो रक्तस्रावाआधी गुदमरून जाईल. रक्त खेचून घेणारे सक्शन सुरू करून हाताशी ठेवतात. दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाइन सुरू करतात आणि त्याच सुईतून रक्तगटासाठी व जुळणीसाठी नमुना काढून रक्तपेढीत रवाना करतात. तोंडाने काहीही देत नाहीत. फुगलेल्या नीलांचा संशय असेल तर टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि त्याबरोबर प्रतिजैविक सुरू होते, कारण सिरोसिसच्या रोग्याला अशा वेळी जंतुसंसर्ग होऊन तोच जीव घेण्याचा संभव असतो. टर्लिप्रेसिन रक्तवाहिन्या आवळते. म्हणून बोटांचा रंग, छातीतील दुखणे आणि हृदयाचा आलेख यांवर नजर ठेवण्याची जबाबदारी पुन्हा परिचारिकेवरच येते. लघवीसाठी नळी घालून तासातासाचे माप लिहितात, कारण ६० किलो वजनाच्या माणसाची लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर मूत्रपिंडापर्यंत पुरेसे रक्त पोचत नाही असा त्याचा अर्थ. आत गेलेले आणि बाहेर आलेले यांचा हा जमाखर्च ज्या वॉर्डात चोख असतो तेथे फसगत कमी होते. आणि क्वचित, दुर्बिणीची सोय होईपर्यंत, सेंगस्टाकन आणि ब्लॅकमोर यांनी १९५० मध्ये प्रचारात आणलेली फुग्याची नळी घालून फुटलेल्या नीला दाबून धरावी लागते. ही नळी असलेल्या रोग्याच्या उशाशी कात्री टांगलेली असते. जठरातील फुगा निसटून वर सरकला आणि श्वास अडला तर त्याच क्षणी नळी कापून फुगा रिकामा करायचा, ही तिची तजवीज. आणि ती कात्री जागेवर आहे की नाही हे दर पाळीच्या आरंभी डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

रक्त चढवण्याविषयी लोकांत एक दृढ समजूत आहे की जेवढे गेले तेवढे भरून काढले म्हणजे रोगी लवकर बरा होतो. “अजून एक बाटली लावा, आम्ही रक्तदाते आणतो,” असे नातेवाईक कळवळून सांगतात. बार्सिलोना येथे ९२१ रोग्यांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निराळेच दिसले : हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात सहा आठवड्यांनंतर ९५ टक्के रोगी जिवंत होते, आणि ९ ग्रॅमच्या खाली जाताच उदारपणे रक्त दिलेल्या गटात ९१ टक्के. जास्त रक्ताने यकृताकडील नीलांतील दाब वाढतो आणि बसलेली गुठळी पुन्हा सुटते, हे त्यामागील एक कारण. झपाट्याने रक्त वाहून चाललेल्यांना या अभ्यासात घेतले नव्हते, आणि हृदयविकाराच्या रोग्यांसाठी मर्यादा थोडी वर ठेवतात, हेही सांगणे अवश्य आहे. नातेवाईकांना हे शांतपणे समजावणे सोपे नाही. पण त्यांच्याशी दिवसभरात सर्वाधिक बोलणे परिचारिकेचेच होते. प्रत्यक्ष रक्त लावताना पिशवीवरील नाव, गट आणि क्रमांक दोघींनी मिळून रोग्याच्या खाटेशीच पडताळायचे, पहिली १५ मिनिटे खाटेपासून हलायचे नाही, आणि पिशवी रक्तपेढीतून निघाल्यापासून चार तासांत संपवायची, हे नियम कितीही घाई असली तरी शिथिल करता येत नाहीत.

दुर्बिणीची तपासणी जेवढ्या लवकर तेवढी चांगली, असेही वाटणे स्वाभाविक आहे. हाँगकाँगमध्ये ब्लॅचफर्ड गुणांक १२ किंवा अधिक असलेल्या ५१६ रोग्यांचे दोन गट करून एकाची तपासणी सहा तासांच्या आत आणि दुसऱ्याची सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान केली, तेव्हा घाईच्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नीला फुटल्याचा संशय असेल तर बारा तासांची मुदत पाळावी असे मार्गदर्शन आहेच. पण या अभ्यासातून मला जे महत्त्वाचे वाटते ते असे की, दुर्बिणीपूर्वीचे ते तास रिकामे नसतात. त्या तासांत नाडी सावरते, रक्त मिळते, हृदयाला उसंत मिळते, आणि हे सारे खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातून होते.

दुर्बिणीनंतर धोक्याचे माप पुन्हा काढावे लागते. एडिंबरो येथील जॉन फॉरेस्ट यांनी १९७४ मध्ये व्रणांची जी वर्गवारी केली ती आजही अहवालात लिहिली जाते : रक्ताची चिळकांडी उडणारा, झिरपणारा, उघडी रक्तवाहिनी दिसणारा, गुठळी चिकटलेला, नुसता काळा डाग असलेला आणि स्वच्छ तळाचा. स्वच्छ तळाचा व्रण असलेल्या माणसाला लगेच जेवू घालून लवकर घरी धाडता येते. उघडी रक्तवाहिनी असेल तर दुर्बिणीतून ती बंद केल्यावरही पुढील ७२ तास पुन्हा रक्त वाहण्याचा संभव सर्वाधिक असतो. म्हणून आम्ल रोखणारे औषध त्या मुदतीत शिरेतून चालू ठेवतात आणि पहाराही तेवढाच कडक ठेवतात. आपल्या शेतकऱ्यांच्या दुर्बिणीत तशीच वाहिनी सापडली, असे समजा. तपासणीहून ते परतले, चेहऱ्यावर तरतरी आली, घरची मंडळी निश्चिंत झाली. आणि नेमक्या याच वेळी वॉर्डातील लक्ष त्यांच्यावरून उठण्याची भीती असते. पुढील दोन-तीन दिवस शौच काळेच होत राहील, कारण आतड्यात आधी उतरलेले रक्त बाहेर पडायचे आहे; त्याने घाबरण्याचे प्रयोजन नाही. परंतु काळ्या शौचाबरोबर नाडी चढली, किंवा हिमोग्लोबिन २ ग्रॅमने उतरले, किंवा पुन्हा ताजी उलटी झाली, तर डॉक्टरांना त्याच मिनिटास कळवावे.

रात्रपाळीला मोठ्या वॉर्डात एक किंवा दोन सिस्टर आणि एखादी मावशी एवढाच बंदोबस्त पुष्कळ ठिकाणी असतो. अशा वेळी ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना, “खाट क्रमांक १२, रक्ताची उलटी, स्थिर,” एवढ्यावर भागवणे धोक्याचे आहे. गुणांक किती होता, नाडी चढणीला आहे की उतरणीला, शेवटचे शौच केव्हा व कसे झाले, ॲटेनोलॉल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू होते काय, रक्तपेढीत किती पिशव्या राखून ठेवल्या आहेत आणि कोणत्या आकड्याला कोणाला बोलवायचे, एवढा तपशील खाटेशी उभे राहून सांगितला तर नवी पाळी अंधारात राहत नाही. सर्वाधिक धोक्याच्या रोग्याची खाट परिचारिकेच्या टेबलासमोर आणणे हा उपाय बिनखर्ची आहे, आणि तो करण्यास परिसेविकेला कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागू नये.

पहिला तरुण एव्हाना घरी गेलेला असतो. त्याला वॉर्डात ठेवून घेतले असते तर एक खाट आणि एका परिचारिकेचा वेळ अडकला असता. पण रवाना करताना त्याला नीट बजावावे लागते : पुन्हा रक्त पडले, शौच काळे झाले किंवा चक्कर आली तर तोंडाने काही न घेता कुशीवर पडून राहायचे आणि १०८ क्रमांकाला फोन करायचा, थंड दूध किंवा बर्फ खाऊन रक्त थांबवण्याच्या खटपटीत वेळ दवडायचा नाही.

इतर दोघांची रवानगी अधिक काळजीची असते. शेतकऱ्यांची हेलिकोबॅक्टरसाठी तपासणी व्हावी, आणि रक्तस्रावाच्या ऐन भरात ती कधी खोटी नकारार्थी येत असल्याने नकार आला तर पुन्हा करावी. गुडघ्यांसाठी डॉक्टर सांगतील ती दुसरी गोळी कोणती, हे त्यांच्या मुलासमोर सांगावे, कारण दुकानातून गोळ्या तोच आणतो. ते हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेत असते तर ते आपल्या मनाने कायमचे बंद करू नये, केव्हा सुरू करायचे ते डॉक्टरांनी ठरवावे, हेही सांगावे लागले असते. भीतीने ॲस्पिरिन सोडून दिलेल्याला पुढे हृदयाचा झटका येण्याचा धोका असतो. सिरोसिसच्या रोग्याला मद्य पूर्ण वर्ज्य, आणि नीलांना रबरी कडी बसवण्याची दुर्बीण दर दोन ते चार आठवड्यांनी, नीला पूर्ण बुजेपर्यंत. पुढची तारीख त्याच्या कार्डावर लिहून द्यावी, तीच वॉर्डाच्या नोंदवहीतही लिहावी, आणि त्या दिवशी तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी फोन करावा.